मॉर्गनने टायटॅनिक बुडवली? काका, जरा थांबा

एप्रिल उजाडला की आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन गोष्टी हमखास येतात. हापूसच्या पेटीचा भाव आणि टायटॅनिकचं ‘खरं रहस्य’. यंदाही काकांनी पाठवलंच, वर दुहेरी बाणासकट. मजकूर थोडक्यात असा: अमेरिकेतला सर्वांत बलाढ्य बँकर जे. पी. मॉर्गन याला फेडरल रिझर्व्ह ही मध्यवर्ती बँक काढायची होती. जॉन जेकब अ‍ॅस्टर, बेंजामिन गुगेनहाइम आणि इसिडोर स्ट्रॉस हे तीन धनाढ्य आडवे येत होते. त्याने तिघांना आपल्याच बोटीवर बोलावलं, स्वतःचं जाणं ऐनवेळी रद्द केलं आणि एप्रिल १९१२मध्ये बोट बुडवली. पुढच्या वर्षी फेडरल रिझर्व्ह जन्माला आली. शेवटी अर्थातच: ‘योगायोग? विचार करा!’

केला विचार. आता ओळीने घेतो.

‘बोट मॉर्गनचीच होती.’ हे जवळजवळ खरं आहे. टायटॅनिक व्हाइट स्टार लाइनची आणि व्हाइट स्टार १९०२पासून मॉर्गनने उभ्या केलेल्या इंटरनॅशनल मर्कंटाइल मरीन या कंपनीच्या ताब्यात. ३१ मे १९११ रोजी बेलफास्टला जहाज पाण्यात सोडलं तेव्हा तो हजरही होता. पण याच मुद्द्यावर गोष्ट लंगडायला लागते. जहाज बांधायला साधारण १५ लाख पौंड लागले होते, विमा होता १० लाखांचा. उरलेला खड्डा कंपनीलाच भरायचा होता आणि कंपनी आधीच कर्जाने वाकलेली. १९१५मध्ये तिच्यावर रिसीव्हर, म्हणजे कर्जात बुडालेल्या कंपनीचा कारभार पाहणारा कोर्टाचा माणूस, नेमायची वेळ आली. वैऱ्याचा काटा काढायला घरातला सगळ्यात महागडा दागिना विहिरीत टाकणारा सावकार मी तरी ऐकलेला नाही.

‘ऐनवेळी जाणं रद्द केलं.’ हो, तो जाणार होता आणि गेला नाही. त्या दिवसांत तो फ्रान्समध्ये, एक्स-ले-बँ या गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावी होता आणि १७ एप्रिलला त्याला ७५ वर्षं पूर्ण झाली. पण न गेलेला तो एकटा नव्हता. चॉकलेटवाल्या मिल्टन हर्शीने तर ३०० डॉलरचा चेक देऊन ठेवला होता. तो आधीच ‘अमेरिका’ नावाच्या जर्मन जहाजाने परतला. गंमत म्हणजे १४ एप्रिलला हिमनगांचा इशारा देणाऱ्या जहाजांत हेच ‘अमेरिका’ होतं. पोलादवाला हेन्री फ्रिकही बायकोचा पाय मुरगळल्याने राहिला. मग हे सगळे कटात सामील का? कोकणात जुन्या माणसांपाशी बसा. १९४७ला बुडालेल्या रामदास बोटीला ‘आमचे अमुक जाणारच होते, पण धक्क्यावर पोचायला उशीर झाला’ ही गोष्ट दर दुसऱ्या घरात सापडते. चुकलेल्या बोटीच बुडतात असं नाही, पण आठवणीत त्याच राहतात.

‘तिघांना बोलावून घेतलं.’ अ‍ॅस्टर नव्या बायकोबरोबर इजिप्त-युरोप फिरून परतत होता. ती १८ वर्षांची, गरोदर. तो आणि गुगेनहाइम दोघे फ्रान्सच्या शेरबूर बंदरात चढले. मेसीज या दुकानाचे मालक स्ट्रॉस हिवाळा दक्षिण फ्रान्समध्ये काढून साउदॅम्प्टनहून निघाले. त्या वसंतात ब्रिटनच्या खाणकामगारांचा मोठा संप झाला होता. कोळशाअभावी जहाजं धक्क्याला लागून होती. टायटॅनिकसाठी इतर जहाजांतला कोळसा काढून आणावा लागला आणि त्या जहाजांचे कित्येक उतारूही टायटॅनिकवर आले. मॉर्गनने दहा लाखांच्या घरातले कामगारही कटात घेतले असतील, तर मग प्रश्नच मिटला.

आता मुख्य आरोप, ‘तिघांना मारलं’. इथे जरा थांबावंसं वाटतं, कारण त्या रात्रीचे तपशील वाचलेल्यांच्या साक्षींमधून आलेले आहेत.

स्ट्रॉस ६७ वर्षांचे. आठ नंबरच्या होडीपाशी त्यांना सांगण्यात आलं, तुमच्या वयाच्या माणसाला कुणी अडवणार नाही, बसा. त्यांनी नकार दिला. इतर पुरुषांच्या आधी जाणार नाही म्हणाले. मग पत्नी आयडाही बसली नाही. तिने आपला फरचा कोट मोलकरणीला दिला, तिला होडीत बसवलं आणि स्वतः नवऱ्यापाशी थांबली. ज्याला मारायचं त्याला वाचायची जागा देऊ करणारा हा कसला मारेकरी?

अ‍ॅस्टरचं तर नशीबच जहाजाच्या बाजूवर अडलं. त्याने चार नंबरच्या होडीत बायकोला खिडकीतून चढवलं आणि विचारलं, ती अवघडलेली आहे, मी सोबत जाऊ का? तिथला अधिकारी लाइटोलर ‘बायकामुलं आधी’ या हुकुमाचा अर्थ ‘फक्त बायकामुलं’ असा लावत होता. तो नाही म्हणाला. अ‍ॅस्टरने होडीचा नंबर तेवढा विचारून घेतला आणि मागे सरला. त्याच वेळी जहाजाच्या उजव्या बाजूला मर्डक नावाचा अधिकारी, जवळपास बाई नसेल तर पुरुषांनाही बसू देत होता. अ‍ॅस्टर चार पावलं चालून पलीकडे गेला असता तर कदाचित घरी पोचला असता. पहिल्या वर्गातले साधारण एक तृतीयांश पुरुष वाचले. त्यांत मॉर्गनच्याच कंपनीचा अध्यक्ष ब्रूस इस्मे होता, म्हणजे मालकाने आपला माणूसही त्याच बोटीवर ठेवला होता. तीन माणसांसाठी पंधराशे जीव पणाला लावायचे आणि नेमके ते तिघे मरतील याची खात्री कुणालाच नाही! असला बेत आखणाऱ्याला मॉर्गनने दुसऱ्या दिवशी नोकरीवरून काढलं असतं.

‘ते फेडरल रिझर्व्हचे विरोधक होते.’ या तिघांनी मध्यवर्ती बँकेविरुद्ध मोहीम चालवल्याचा पुरावा या फॉरवर्डमध्ये कधीच नसतो. खरे विरोधक संसदेत बसून उघड बोलत होते. वैमानिक लिंडबर्गचे वडील चार्ल्स लिंडबर्ग, विस्कॉन्सिनचे ला फॉलेट. दोघांनी विरोधात मत दिलं आणि दोघे पुढे दहा-दहा वर्षं जगले.

उरला गाभा: मॉर्गनला फेडरल रिझर्व्ह इतकी हवी का होती? नोव्हेंबर १९१०मध्ये जॉर्जियातल्या जेकिल बेटावर बदकांच्या शिकारीचं निमित्त करून गुप्त बैठक झाली, हे खरं आहे. मॉर्गनचा भागीदार हेन्री डेव्हिसन तिथे होता. पण तिथे शिजलेली मध्यवर्ती बँकेची योजना, सिनेटर ऑल्ड्रिच यांच्या नावाची, संसदेत बारगळली. २३ डिसेंबर १९१३ला अध्यक्ष विल्सनने सही केली ती ग्लास आणि ओवेन या दोन संसद सदस्यांच्या विधेयकावर. त्यात देखरेखीचं मंडळ वॉशिंग्टनमध्ये, अध्यक्षाने नेमलेलं. त्यावर बरेच बँकर नाराज होते. मॉर्गन मात्र हे पाहायला नव्हताच. तो ३१ मार्चलाच रोममध्ये वारला होता.

मुळात १९०७पर्यंत अमेरिकेची मध्यवर्ती बँक म्हणजे मॉर्गनच. त्या वर्षी बँकांपुढे ठेवीदारांच्या रांगा लागल्या, तेव्हा एका नोव्हेंबरच्या रात्री त्याने ट्रस्ट कंपन्यांच्या, म्हणजे बँकांसारख्याच ठेवी घेणाऱ्या कंपन्यांच्या, अध्यक्षांना मॅनहॅटनमधल्या आपल्या ग्रंथालयात बोलावलं. दाराला कुलूप घालून किल्ली खिशात टाकली आणि स्वतः पत्ते लावत बसला. पहाटे पाचच्या सुमारास एडवर्ड किंग नावाच्या अध्यक्षापुढे कागद सरकवून सही कुठे करायची ते दाखवलं आणि पेन हातात दिलं. अडचणीतल्या कंपन्यांना सावरायला अडीच कोटी डॉलर उभे राहिले. देश एका म्हाताऱ्याच्या खिशातल्या किल्लीवर चालतो हे लोकांना खटकलं, आणि फेडरल रिझर्व्हची मागणी त्यातूनच जोर धरत गेली. ही व्यवस्था त्याची जागा घ्यायला आली.

मॉर्गनवर संशय घ्यायचाच असेल तर कागद भरपूर आहेत. बड्या बँकरांच्या हातातली सत्ता तपासणाऱ्या संसदेच्या पुजो समितीने मोजलं: त्याची पेढी आणि तिच्या जोडीच्या दोन बँकांचे लोक मिळून ११२ कंपन्यांत ३४१ संचालकपदं. त्याच माणसाने मेट्रोपॉलिटन म्युझियमचं अध्यक्षपद सांभाळलं, आणि ते कुलूपबंद ग्रंथालय मुलाने १९२४मध्ये लोकांना खुलं केलं. हे वाचायला वेळ लागतो, काका, म्हणून कुणी पुढे पाठवत नाही.

आणि एक सांगतो, पण ग्रुपवर टाकू नका. मॉर्गनचा अंत्यविधी न्यूयॉर्कच्या सेंट जॉर्ज चर्चमध्ये झाला, तारीख १४ एप्रिल १९१३. टायटॅनिक हिमनगावर आपटली त्याला त्या दिवशी बरोबर एक वर्ष होत होतं. फॉरवर्ड लिहिणाऱ्याच्या हे अजून लक्षात आलेलं दिसत नाही.