डबा चोरणं ही चोरीच आहे

ऑफिसच्या फ्रिजमधला दुसऱ्याचा डबा खाणं ही गंमत नाही, चोरी आहे. ती वेळेत थांबवली नाही म्हणून महापे एमआयडीसीतल्या एका ऑफिसात माझ्या मैत्रिणीची नोकरी गेली. तिचंही चुकलं, त्यावर पुढे बोलतेच.

ती बदलापूरची. पहाटे उठून पोरांचे डबे, सासूबाईंचं पथ्याचं, मग स्वतःचा डबा. ठाण्याला उतरून ट्रान्स हार्बरची लोकल, पुढे घणसोलीहून शेअर रिक्षा. दुपारी डबा उघडावा तर पोळ्या जशाच्या तशा आणि भरली वांगी गायब. रिकाम्या पुडाला झाकण नीट लावलेलं, पिशवीला पुन्हा गाठ मारलेली. म्हणजे चुकून हात लागला वगैरे काही नाही, निवांत बसून खाल्लेलं. संकष्टीची साबुदाण्याची खिचडीसुद्धा सोडली नाही हो!

एचआरचं म्हणणं, "भाजीवरून काय तक्रार करतेस? मागव ना बाहेरून काहीतरी." मेल केला, त्याला उत्तरच नाही. याच फ्रिजमध्ये इन्सुलिन घेणाऱ्या एका काकांचाही डबा असतो. इन्सुलिन टोचून घेतल्यावर जेवण मिळालं नाही तर साखर झपकन उतरते, घाम फुटतो, हातपाय थरथरतात, माणूस बेशुद्धही पडू शकतो. पण हे लक्षात कोण घेतो?

संशय मात्र लगेच घेतला, तोही पँट्रीतल्या पोरावर. काँट्रॅक्टवरचा, बोलायची सोय नाही. एजन्सीला फोन गेला आणि पोरगं घरी. याचा मला सगळ्यात जास्त राग आहे. कारण डबे त्यानंतरही रिकामे होतच राहिले, तरी कुणाला आपण चुकलो असं वाटलं नाही.

शेवटी मैत्रिणीने जुलाबाच्या गोळ्या कुटून रश्श्यात घातल्या. खाणारा निघाला एक टीम लीड, चांगल्या पगाराचा. त्याला सलाईन लावावं लागलं. हिला त्याच दिवशी काढलं. त्याला समज देऊन पुन्हा खुर्चीवर बसवलं.

"बरी अद्दल घडवली" म्हणणाऱ्यांना सांगते, असं चुकूनही करू नका. तो डबा त्या काकांच्या किंवा एखाद्या गरोदर मुलीच्या हातात पडला असता तर? १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम १२३ आहे. इजा करायच्या हेतूने कुणाला अपायकारक पदार्थ खायला घातला तर १० वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. "डबा माझाच होता" म्हणून सुटका होईल या भरवशावर राहू नका.

पण त्याच संहितेचं कलम ३०३ चोरीचं आहे. ५,००० रुपयांच्या आतली पहिलीच चोरी असेल आणि वस्तू किंवा तिची किंमत परत केली, तर समाजसेवेची शिक्षा आहे. म्हणजे कायदासुद्धा छोट्या चोरीला चोरीच म्हणतो, सोडून देत नाही. मग एचआरला ते का जमू नये? पहिल्या तक्रारीलाच पँट्रीत कॅमेरा लावला असता, सगळ्यांना एक कडक मेल गेला असता, तर ना तो आजारी पडता, ना हिची नोकरी जाती.

हिला काढायचं होतं तर त्यालाही काढा. आणि ज्यांनी त्या पोराचं नाव पुढे केलं, त्यांनी एजन्सीला स्वतः फोन करून त्याला आधी कामावर परत बोलवा.