'पगार सोडा, कन्सल्टंट व्हा' : व्हॉट्सॲपवरच्या संदेशातला चुकीचा हिशेब

व्हॉट्सॲपवर फिरत असलेला एक संदेश आता माझ्या भाचीपर्यंत पोहोचला आहे. पगारावर राहायचे की कन्सल्टंट म्हणून बिल लावून पैसे घ्यायचे, हे तिच्या कंपनीने तिलाच ठरवायला सांगितले आहे आणि हा संदेश वाचून ती राजीनामा द्यायला निघाली आहे. संदेशाचा आशय असा : कन्सल्टंटच्या निम्म्या कमाईवर कर नाही; उरलेल्या निम्म्यातून घरभाडे, फोन, लॅपटॉप आणि गाडीचा हप्ता वजा करता येतो; कंपनीने दहा टक्के टीडीएस (पैसे देतानाच कापला जाणारा कर) कापला की कराचा विषय संपतो; नफा वीस लाखांच्या आत असेल तर जीएसटी लागत नाही; आणि काम तेच, टेबल तेच, बदलतो तो फक्त कागद. उदाहरण दिले आहे वर्षाला १२ लाख पगार असलेल्या माणसाचे. नोकरी सोडण्यासारखा निर्णय लोक अशा चार ओळींवर घेणार असतील, तर त्या ओळी तपासल्याच पाहिजेत. खालचे आकडे आणि कायद्याची कलमे २०२५-२६ या आर्थिक वर्षाची आणि नव्या करप्रणालीची आहेत.

सर्वांत घातक दावा दुसरा आहे, म्हणून त्यापासूनच सुरुवात करतो. निम्मी रक्कमच उत्पन्न धरण्याची सवलत १९६१ च्या आयकर कायद्यातील कलम ४४एडीए देते आणि त्याच कलमाचे दुसरे पोटकलम सांगते की, कलम ३० ते ३८ खालच्या सर्व वजावटी आधीच पूर्णपणे दिल्या आहेत असे मानले जाईल. म्हणजे जी निम्मी रक्कम करातून सुटते, तोच तुमचा खर्च. फोन त्यात आला, कार्यालयाचे भाडे त्यात आले, लॅपटॉपचा घसारा, म्हणजे वापराने दरवर्षी घटणारी किंमत, हीही त्यातच आली. उरलेल्या निम्म्यातून हेच पुन्हा वजा करणे म्हणजे एकाच खर्चाची वजावट दोनदा घेणे होय, आणि त्याची नोटीस संदेश पाठवणाऱ्याला नव्हे, तर विवरणपत्रावर सही करणाऱ्याला येते. प्रत्यक्ष खर्च निम्म्याहून जास्त असेल तर नफा कमी दाखवता येतो; मात्र मग हिशेबाच्या वह्या ठेवाव्या लागतात आणि एकूण उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या वर असेल तर लेखापरीक्षणही करून घ्यावे लागते. तिथेही कलम ३७ आडवे येते, कारण ते केवळ आणि पूर्णपणे व्यवसायासाठी केलेला खर्चच मान्य करते. घरच्या गाडीचा हप्ता त्यात बसत नाही. हप्त्यातली मुद्दल तर मुळात खर्चच नव्हे.

पहिला दावा अर्धा खरा आहे, हे नाइलाजाने मान्य करावे लागते. वकील, डॉक्टर, अभियंते, वास्तुविशारद, लेखापाल, तांत्रिक सल्लागार, माहिती तंत्रज्ञानातले व्यावसायिक अशा ठरावीक व्यवसायांना ५० लाखांपर्यंतच्या जमेवर, म्हणजे वर्षभरात मिळालेल्या एकूण फीवर, आणि रोखीतली जमा पाच टक्क्यांच्या आत असेल तर ७५ लाखांपर्यंत, ही सवलत आहे. यादीबाहेरच्यांना ती मिळत नाही, याचा संदेशात उल्लेखही नाही. वर्षाला ३० लाख घेणाऱ्या संगणक अभियंत्याला पगारावर ४,७५,८०० रुपये कर पडतो आणि तेच ३० लाख फी म्हणून घेतले तर १,०९,२०० रुपये. ही तफावत मोठी आहे आणि ती कायदेशीर आहे. पण संदेशातला माणूस १२ लाखवाला आहे. पगारदारांना मिळणारी ७५ हजारांची प्रमाणित वजावट आणि ठरावीक उत्पन्नापर्यंत कर माफ करणारी कलम ८७ए ची सूट धरली तर त्याचा कर आजही शून्य आहे. शून्यातून काय वाचणार? उलट भविष्य निर्वाह निधीतला कंपनीचा वाटा, ग्रॅच्युइटी, भरपगारी रजा आणि कंपनीचा आरोग्य विमा मात्र हातचा जाईल.

जीएसटीची २० लाखांची मर्यादा, जी काही राज्यांत १० लाख आहे, ती नफ्यावर नसून एकूण उलाढालीवर, म्हणजे बिलांच्या एकूण रकमेवर आहे. कलम ४४एडीए च्या निम्म्याचा तिच्याशी काही संबंध नाही. म्हणून वरच्या ३० लाखवाल्याला नोंदणी करावीच लागते. करारात फी 'अधिक जीएसटी' असेल तर १८ टक्के कंपनी वेगळे देते. 'सर्व करांसह ३० लाख' असे लिहिले असेल, तर त्यातले सुमारे ४ लाख ५८ हजार सरकारचे असतात आणि अभियंत्याची फी उरते साधारण २५ लाख ४२ हजार. त्यावरचा सुमारे साडेत्र्याहत्तर हजार आयकर वजा केला की हातात पडतात अंदाजे २४ लाख ६९ हजार. पगारावर पडले असते २५ लाख २४ हजार. एवढा मोठा वाटणारा फायदा करारातल्या दोन शब्दांनी तोट्यात जातो, आणि ते दोन शब्द सही करण्यापूर्वी फारच थोडे लोक वाचतात.

टीडीएसबद्दल फार लिहायला नको. ती आगाऊ कापलेली रक्कम आहे, अंतिम कर नव्हे. कर जास्त निघाला तर फरक भरायचा, कमी निघाला तर विवरणपत्र भरून परतावा मागायचा. टीडीएस वजा जाता दहा हजार किंवा त्याहून जास्त कर उरत असेल, तर कलम ४४एडीए घेणाऱ्याने तो १५ मार्चपर्यंत आगाऊ भरावा लागतो. न भरल्यास व्याज लागते.

राहिला 'काम तेच, टेबल तेच' हा दावा. संदेशात हा सोयीचा मुद्दा म्हणून दिला आहे, पण खरा धोका इथेच आहे. काय काम करायचे एवढेच नव्हे, तर ते कसे करायचे हेही ठरवण्याचा अधिकार समोरच्याकडे असेल तर ते नाते नोकरीचे असते, ही कसोटी सर्वोच्च न्यायालयाने १९५६ साली ध्रांगध्रा केमिकल वर्क्सच्या खटल्यात, मिठागरांतल्या अगरिया कामगारांबाबत लावली होती. खटला औद्योगिक विवादाचा होता, तरी नोकर कोण आणि स्वतंत्र कंत्राटदार कोण हे ठरवताना तिचा आधार आजही घेतला जातो. हजेरी तीच, वरिष्ठ तोच, रजेसाठी परवानगी तीच आणि दुसऱ्या कोणाचे काम घेण्यास मनाई असेल, तर करारावर 'कन्सल्टंट' लिहिल्याने नाते बदलत नाही. आयकर अधिकाऱ्याने ही रक्कम पगारच आहे असे ठरवले, तर कलम ४४एडीए लागूच होत नाही आणि सुटलेल्या निम्म्या रकमेवरचा कर व्याजासह भरावा लागतो.