“सहा महिन्यांनंतर वाचा परत येत नाही” हे कुणी ठरवलं?

गेले काही दिवस एक मेसेज सगळीकडे फिरतोय, मला स्वतःला चार जणांनी पाठवला. त्यात थोडक्यात असं लिहिलंय की स्पीच थेरपी म्हणजे उच्चार सुधारायची शिकवणी, जिभेचे व्यायाम घरी केले तरी काम होतं. स्ट्रोकनंतर सहा महिन्यांत जी वाचा येते तेवढीच, पुढे पैसे घालवू नका. लिहिताना चुकणारी मुलं आळशी, रोज दहा पानं लिहून घ्या. मूल उशिरा बोलतंय तर थांबा आणि घरात दोन भाषा असतील तर एक बंद करा. आणि आता ॲप आहेत, थेरपिस्ट कशाला हवा.

मी थेरपिस्ट नाहीये. पण माझ्या बाबांना स्ट्रोकनंतर वाचाघात झाला, अफेजिया म्हणतात तो, आणि तेव्हापासून प्रत्येक सेशनला मी त्यांच्या शेजारी बसलेय. म्हणून एकेक मुद्दा घेते.

आधी जिभेचं. बाबांची जीभ ठणठणीत होती. जेवण नीट, गिळणं नीट, एक ते दहा अंक एका दमात म्हणायचे, पण समोर कंगवा धरला की शब्द येत नव्हता. स्नायूंमुळे बोलणं अस्पष्ट होतं तो प्रकार वेगळा असतो आणि त्याचे उपाय वेगळे. वाचाघातात बिघाड मेंदूतल्या भाषेच्या जाळ्यात होतो, बहुतेकांच्या डाव्या बाजूला, आणि तो फक्त बोलण्यात दिसत नाही, वाचणं, लिहिणं, ऐकलेलं समजणं सगळ्यात कमीजास्त दिसतो. तिथे शिट्ट्या वाजवून आणि फुगे फुगवून काय होणार? मुलांच्या उच्चारांसाठीसुद्धा असल्या व्यायामांच्या बाजूने भक्कम पुरावा नाहीये, ज्या आवाजात अडचण आहे तो आवाज बोलण्यातच घोटवावा लागतो.

मेसेजमध्ये एक वाक्य सहज टाकलंय, “बोलता येत नाही म्हणजे डोकंच चालत नाही.” मला सगळ्यात जास्त याचा त्रास झाला. १८६१ मध्ये पॉल ब्रोका या फ्रेंच डॉक्टरने ज्या पेशंटचा अभ्यास केला तो जवळपास फक्त “टॅन” एवढंच बोलू शकायचा, पण त्याला बोललेलं बरंचसं कळायचं आणि तो खुणांनी उत्तरं द्यायचा. पुढे १८७४ मध्ये वेर्निके या जर्मन डॉक्टरने उलटा प्रकार मांडला, माणूस भरभर बोलतो पण बोलण्याला अर्थ लागत नाही आणि दुसऱ्याचं बोलणंही नीट कळत नाही. म्हणजे वाचाघात एकाच साच्यातला नसतो आणि भाषा गेली म्हणून माणूस गेला असं नसतं. बाबांच्या हातात कंगवा दिला की ते केसांवरून हात फिरवायचे, तोंडातून “घड्याळ” निघायचं, आणि चुकलं हे त्यांना त्याच क्षणी कळायचं, मान जोरात हलवायचे, डोळ्यात पाणी. अशा माणसासमोर त्याच्याबद्दल “त्यांना काही समजत नाही” असं बोलणारे पाहुणे मी पाहिलेत, आणि ते त्यांनी ऐकलेलं असायचं.

आता सहा महिने. आम्हालाही हेच सांगितलं होतं, सहा महिने झाले, आता आहे ते धरून चला. यात खरं एवढंच आहे की सुरुवातीचे आठवडे-महिने मेंदू आपणहून सावरत असतो, त्यामुळे तेव्हाचा वेग जास्त असतो आणि नंतर तो मंदावतो. पण मंदावणं आणि थांबणं एकच कसं? जर्मनीत एक अभ्यास झाला, २०१७ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला, १५६ लोक, सगळ्यांना स्ट्रोक होऊन सहा महिन्यांहून जास्त काळ झालेला. काहींना लगेच किमान तीन आठवडे, आठवड्याला दहा तास किंवा जास्त अशी कसून थेरपी दिली, बाकीच्यांना आधी तीन आठवडे थांबवलं. थेरपी घेणाऱ्यांचं रोजच्या व्यवहारातलं बोलणं सुधारलं, थांबलेल्यांचं त्या काळात सुधारलं नाही, आणि सुधारणा सहा महिन्यांनीही टिकून होती. एक गोष्ट यात महत्त्वाची, तास. आठवड्यातून एकदा अर्धा तास जाऊन यायचं आणि घरी काहीच करायचं नाही, मग फरक पडला नाही की थेरपी खोटी म्हणायचं, हे बरोबर नाही.

आम्ही नवव्या महिन्यात सुरू केलं. थेरपिस्ट मॅडम कंगव्याचं चित्र ठेवायच्या आणि आधी विचारायच्या, हे कशासाठी वापरतो, कुठे ठेवतो, कशासारखं दिसतं, दाते आहेत का. मग “आरशासमोर उभं राहून केस विंचरायला घेतो तो...” म्हणून थांबायच्या. तरी नाही आलं तर नुसतं “कं...” आणि बाबा म्हणायचे, “कंगवा!” शब्द आत होता, वाट सापडत नव्हती. मग हळूहळू ती मदत काढून घ्यायची, आधी “कं” बंद, मग वाक्य बंद. उजवा हात गेलेला, म्हणून डाव्या हाताने लिहायला बसवलं, आणि काही आठवड्यांनी आमच्या लक्षात आलं की शब्द अडला की ते मांडीवर बोटाने पहिलं अक्षर गिरवतात आणि मग शब्द निघतो. स्वतःच स्वतःला “कं” म्हणायला शिकले ते, फक्त बोटाने. लिहिण्याचा सराव म्हणजे नुसतं अक्षर सुधारणं असं ज्यांना वाटतं त्यांनी हे बघायला हवं होतं.

सगळं परत आलं का? नाही. जे शब्द घोटले ते पक्के झाले, जे नाही घोटले त्यात फायदा कमी, आणि म्हणूनच शब्द निवडताना घरच्यांची नावं, औषधं, रोज लागणारी कामं आधी घ्यायची. काही आजारांत भाषा हळूहळू कमी होत जाते, तिथे थेरपीचा हेतू असलेलं टिकवणं आणि चित्रांची वही वगैरे दुसरे मार्ग तयार ठेवणं हा असतो. कुणी पूर्ण बरं करायची गॅरंटी देत असेल तर मीही म्हणेन तिथून उठा.

मुलांच्या लिहिण्याबद्दल. माझी भाची गोष्ट अशी रंगवून सांगते की ऐकत राहावं, आणि तीच गोष्ट वहीत तीन ओळी. फळ्यावरचं बघून लिहिलं तर एक चूक नाही, पण तोंडी सांगून लिहायला लावलं की “शब्द” चं “शद”, “प्रकाश” चं “पकाश”. आता यात आळस कुठे आहे सांगा? बघून बरोबर येतं म्हणजे हात आणि डोळे काम करतायत, अडचण ऐकलेला आवाज सुटा करून अक्षरात बसवण्यात आहे. दहा पानं उतरवून काढली तर ती बघूनच उतरवणार, जे आधीच येतं त्याचाच सराव होणार आणि हात दुखणार. तिच्याकडून टेबलावर बोटाने टकटक करत आवाज मोजून घेतले, श, ब्, द, मधला आवाज स्वतःच्या ओठांवर पकडायला लावला, मग लिहायला लावलं. दुसऱ्या मुलाचं दुखणं वेगळं असेल, कुणाचं स्पेलिंग बरोबर पण वाक्य जुळत नाही, कुणी खडाखडा वाचतं पण काय वाचलं ते सांगता येत नाही. म्हणून आधी तपासणी. भाषेची अडचण दुर्मिळ नाहीये हो, ब्रिटनमधल्या एका मोठ्या अभ्यासात चार-पाच वर्षांच्या मुलांमध्ये, दुसरं कुठलंही कारण नसताना, हे प्रमाण ७ टक्क्यांच्या आसपास निघालं, म्हणजे तीस मुलांच्या वर्गात दोघं.

उशिरा बोलणारी बरीच मुलं पुढे गाठतात हे खरं आहे. पण कोण गाठणार आणि कोण नाही हे घरी बसून कळत नाही, आणि तपासून घेतल्याने काही बिघडत नाही. कानांची तपासणी तर सगळ्यात आधी. दोन भाषांमुळे असा दोष होत नाही, त्यामुळे आजीची भाषा बंद करून मुलाचं आजीशी बोलणं मात्र तोडू नका.

राहिलं ॲप. बाबा टॅबवर रोज करतात, मी त्याच्या विरोधात नाही. ब्रिटनमध्ये २७८ लोकांवर झालेला अभ्यास २०१९ मध्ये आला, स्वतःहून कॉम्प्युटरवर सराव करणाऱ्यांना निवडलेले शब्द चांगले सापडायला लागले, पण गप्पांमधलं बोलणं काही सुधारलं नाही. तिथेही सरावाचा कार्यक्रम थेरपिस्टनेच प्रत्येकासाठी वेगळा बसवून दिला होता. म्हणून बाबांचा टॅबवरचा सराव झाला की मी टॅब बाजूला ठेवते, खुर्ची समोर ओढते आणि त्याच शब्दांवर त्यांच्याशी बोलायला बसते, आणि त्यांचं बोट मांडीवर फिरायला लागलं की शब्द तोंडात देत नाही, थांबते.