मुंबईत जॅझ मेला, हे सांगण्याची पूर्वतयारी

‘मुंबईत आता पूर्वीसारखा जॅझ राहिला नाही’ हे वाक्य चारचौघांत टाकायचं असेल, तर पूर्वीचा जॅझ ऐकलेला असण्याची काही गरज नाही. आजचा ऐकलेला नसला तर उत्तमच, उगाच मत डळमळीत होतं. थोडी नावं मात्र पाठ हवीत. 1935 साली ताजमहाल हॉटेलात लिऑन अ‍ॅबीचा बँड आला, मागोमाग पियानोवाला टेडी वेदरफर्ड आला, एवढं पुरे. आपल्या माणसांपैकी चिक चॉकलेटचं नाव घ्यावं. गोव्याचा ट्रम्पेटवाला, खरं नाव अंतोनियो झेवियर वाझ. ‘चॉकलेट’ म्हणताना चेहरा गंभीर ठेवता आला पाहिजे, सराव घरी करावा.

रंगभवन या उघड्यावरच्या प्रेक्षागृहाशिवाय तर पानही हलत नाही. 1978 साली तिथे ‘जॅझ यात्रा’ हा महोत्सव पहिल्यांदा झाला आणि अमेरिकेच्या सनी रॉलिन्सने सॅक्सोफोन वाजवला. त्या रात्री आपण हजर होतो असं सांगणारे मुंबईकर एकत्र जमवले, तर शिवाजी पार्क अपुरं पडेल. आणखी एक आपण वाढलो म्हणून काय बिघडतं? आपलं जन्मसाल आड येत असेल तर ‘बाबा सांगायचे’ अशी सुरुवात करावी. बाबा तेव्हा चिपळूणला महसूल खात्यात होते, हे कोण तपासायला बसलंय! पुढे रंगभवन शांतता क्षेत्रात गेलं आणि तिथली गाणीबजावणी थांबली, हे उसासा टाकून सांगावं. उघड्यावर रात्री दहानंतर आवाज नको, हा नियम सॅक्सोफोनच्या बाबतीत फार काटेकोरपणे पाळला जातो. आपल्या गल्लीतल्या मिरवणुकीचा विषय त्या वेळी काढू नये.

एवढं करूनही कुणी तुम्हाला खरोखरच्या कार्यक्रमाला ओढून नेलंच, तर आधी पासाची चौकशी करावी. ‘कव्हर चार्ज 500? लुटायला बसलेत!’ असं दारातच म्हणावं आणि आत जाऊन 900 रुपयांचं रंगीत पेय मागवावं. टेबल स्टेजला लागून धरावं, म्हणजे आपल्या गप्पा वाजवणाऱ्यांनाही नीट ऐकू जातात.

गप्पांना योग्य वेळ असते, ती चुकवू नये. डबल बासवाला एकटा वाजवू लागला की पियानो मागे सरतो, ड्रमवाला काठ्या हलक्या करतो आणि खोली शांत होते. नाचोज मागवायला आणि गावी फोन लावायला ही शांतता सोयीची.

कळणाऱ्यांत गणना व्हावी असं वाटत असेल, तर थोडा अभ्यास सांगतो. आधी सगळे मिळून मूळ चाल वाजवतात, मग तिच्या बहुधा 32 बारांच्या (बार म्हणजे ठरावीक मात्रांचा एक तुकडा) आवर्तनावर एकेक जण आपापली बढत करतो (‘बार’ म्हटल्याबरोबर काउंटरकडे बघू नये), मग ड्रम्सबरोबर चार-चार बारांची सवाल-जवाबासारखी देवाणघेवाण, आणि शेवटी पुन्हा मूळ चाल. बढत चालू असताना ‘मूळ गाणं कुठे गेलं?’ असं शेजाऱ्याला विचारत राहावं. आपल्याकडचे गाण्याच्या बैठकीत मुरलेले श्रोते ‘टेक फाइव्ह’ या गाजलेल्या जॅझ रचनेला हटकून मांडीवर मात्रा मोजतात आणि जाहीर करतात, ‘पाच मात्रा! अहो, हा तर आपला अर्धा झपताल!’ तुम्हीही करा. झपतालात दोन-तीन आणि इथे तीन-दोन, असल्या बारकाव्यांत शिरू नये. ही रचना सॅक्सोफोनवाल्या पॉल डेझमंडची असताना सगळे ती ज्याच्या बँडने वाजवली त्या डेव्ह ब्रूबेकची म्हणतात. तुम्ही वेगळं बोलून कशाला वाईटपणा घेता?

मध्यंतराच्या सुमारास ‘काहीतरी हिंदी वाजवा की!’ अशी आरोळी ठोकायची. ही आरोळी वाटते तितकी अडाणी नाही, आणि हेच तुम्हाला ठाऊक असता कामा नये. दिवसा स्टुडिओत आणि रात्री हॉटेलात वाजवणाऱ्या चिक चॉकलेटसारख्या गोवेकरांनीच हिंदी गाण्यांत ट्रम्पेट, सॅक्सोफोन आणि स्विंग भरला. आपल्या सी. रामचंद्रांच्या ‘अलबेला’त (1951) चिक चॉकलेट आपल्या बँडसकट पडद्यावरसुद्धा दिसतो. बाकीचे कुठेच दिसत नाहीत. सिनेमाच्या श्रेयनामावलीत संगीतकाराचं नाव यायचं, ज्याने रात्र जागून प्रत्येक वाद्याचं नोटेशन लिहिलं त्याचं नाही. अँथनी गोन्साल्विस हे नाव तर अनेकांना 1977 च्या ‘अमर अकबर अँथनी’तल्या गाण्यापुरतं कुणीतरी बनवलेलं वाटतं. प्यारेलालना व्हायोलिन शिकवणारा त्याच नावाचा खराखुरा माणूस होता. तर सांगायचं काय, स्टेजवरची पोरं तुमची फर्माईश ऐकून एकमेकांकडे बघून हसतील. ती तुम्हाला दाद देताहेत असं समजा.

दुसऱ्या सत्राआधी निघायचा बेत ठेवावा. बिल सहा जणांत वाटताना तो बारगळतोच. कुणाचं पेय, कुणाचे नाचोज, कुणाचं यूपीआय चालत नाही, या गदारोळात दुसरं सत्र तुमच्या पाठीमागे वाजून संपतं. स्टेजकडे पाठ करून आपला फोटो घ्यायला विसरू नये. ट्रम्पेटवाल्याचं कोपर त्यात आलं तरी चालेल.

लोअर परळला शेवटची विरार पकडावी. खिडकी मिळाली की फोटोखाली लिहावं, ‘गेले ते दिवस! ब्लू फ्रॉग क्लब 2016 ला बंद झाला, तिथेच संपलं सगळं.’ ब्लू फ्रॉगला तुम्ही एकदाच गेला होता, तेही ऑफिसच्या पार्टीला, हे लिहायला जागा पुरत नाही. गाडी सुटता सुटता एक घामाघूम पोरगा काळी पेटी छातीशी धरून डब्यात उडी मारेल. चेहरा कुठेतरी पाहिल्यासारखा वाटेल.

“काय आहे रे पेटीत?”

“ट्रम्पेट, काका.”

“अरे वा! लग्नाच्या ऑर्डरी घेतोस का? कार्ड असेल तर दे.”