मर्सियाच्या बाईसाहेब

व्हायकिंगांवरची एखादी मालिका गाजली की ग्रुपवर ते फॉरवर्ड हमखास येतं: 'इतिहासाने विसरलेली योद्धा राणी'. खाली चिलखत घातलेली, केस मोकळे सोडलेली बाई. ही बाई म्हणजे एथेलफ्लेड, दक्षिण इंग्लंडातल्या वेसेक्स राज्याच्या आल्फ्रेड राजाची थोरली लेक. त्या एका ओळीवर माझे दोन आक्षेप आहेत. एक 'योद्धा'वर, दुसरा 'विसरलेली'वर.

ती दिली होती मर्सियात, म्हणजे इंग्लंडच्या मधल्या पट्ट्यात. त्याची पूर्वेकडची बाजू डेन लोकांनी, म्हणजे व्हायकिंगांनी, गिळलेली. नवरा एथेलरेड ९११ साली वारला आणि तिच्या सख्ख्या भावाने, वेसेक्सच्या राजा एडवर्डने, लंडन आणि ऑक्सफर्ड लगोलग आपल्याकडे घेतलं. उरलेलं राज्य हिने चालवलं. घरचे लोक तिला राणी म्हणत नसत, 'मर्सियनांची लेडी' म्हणत. लेडी या शब्दाचं मूळ जुन्या इंग्रजीत 'पावाचं पीठ मळणारी' असं आहे! मी आपलं 'बाईसाहेब' म्हणतो, मराठीत तेच शोभतं.

तर या बाईसाहेबांनी ९१२ ते ९१५ या चार वर्षांत नऊ कोट उभे केले. दगडी नव्हेत. खंदक खणायचा, त्याच्याच मातीचा बांध घालायचा, वर लाकडांची भिंत. ९१३ मध्ये उन्हाळ्याच्या तोंडावर टॅमवर्थ आणि ऑगस्ट लागायच्या आत स्टॅफर्ड. माणसं कुठून आणायची याचा तिच्या माहेरच्या राज्यातला हिशेब आजही वाचायला मिळतो: साधारण पाच मीटर तटाला चार माणसं, आणि ती आसपासच्या जमिनीच्या मोजणीवरून त्या त्या गावांनी पुरवायची. कंटाळवाणं वाटतंय ना? पण व्हायकिंगांचा सगळा खेळ वेगाचा. यायचं, लुटायचं, पसार व्हायचं. नदीच्या उतारावर आणि रस्त्याच्या नाक्यावर असा कोट बसला, आत बारमाही शिबंदी राहिली, की तो वेग संपतो. हे काम तलवार उपसलेल्या चित्रात कुठे दिसणार?

मऊ होती असं मात्र समजू नका. ९१६ च्या जूनमध्ये तिच्या एका मठाधिपतीला मारलं. तिसऱ्या रात्रीनंतर तिने वेल्सवर फौज धाडली, तळ्यातल्या बेटावरचा राजवाडा उद्ध्वस्त करून राजाच्या बायकोसह चौतीस जण धरून आणले. पुढच्या वर्षी डेन लोकांकडून डर्बी घेतलं. तिथे वेशीच्या आत तिचे चार सरदार पडले, आणि नोंद लिहिणारा म्हणतो की ते तिला फार जवळचे होते. अशा इतिवृत्तांत कोणाला काय वाटलं हे सहसा लिहीत नाहीत. मी त्या ओळीशी दर वेळी थांबतो.

९१८ मध्ये लेस्टर न लढता हाती आलं. यॉर्कच्या लोकांनीही तिच्या हुकमात राहायचा शब्द दिला. आणि १२ जूनला टॅमवर्थमध्ये ती गेली.

आता 'विसरलेली'. आयर्लंडच्या अल्स्टर इतिवृत्तात तिच्या मृत्यूची नोंद आहे, 'सॅक्सनांची अतिशय प्रसिद्ध राणी' म्हणून. त्याच इतिवृत्तात तिच्या बापाच्या, खुद्द आल्फ्रेडच्या, मृत्यूला जागा नाही. म्हणजे समुद्रापलीकडे तिची कीर्ती पोचलेली. पण भावाच्या बाजूने लिहिलेलं अँग्लो-सॅक्सन इतिवृत्त बघा. तिथे कोट एडवर्ड बांधतो, गावं एडवर्ड घेतो. बहीण येते ती मरायला, आणि पुढच्याच दमात एडवर्ड टॅमवर्थ ताब्यात घेतो. याला विस्मरण म्हणत नाहीत हो, याला व्यवस्थित वगळणं म्हणतात. नऊ कोटांची, डर्बीची, त्या चार सरदारांची हकीकत टिकली ती मर्सियाच्या एका छोट्या, वेगळ्या नोंदवहीमुळे.

तिच्यामागे तिची एकुलती एक लेक गादीवर आली. आईमागे लेक, त्या काळच्या इंग्लंडात हे नवलच. सहा महिनेसुद्धा झाले नाहीत. डिसेंबरात मामाने तिचे सगळे अधिकार काढून घेतले आणि तिला वेसेक्सला नेलं. पुढे तिचं काय झालं, कुठेच धड नोंद नाही. मर्सियाच्या लेखनिकाने ती हकीकतही टिपून ठेवली. आधी 'एथेलरेडची मुलगी' एवढंच लिहिलं. मग ओळ संपता संपता त्याने जोडलं: तिचं नाव एल्फविन.