सेव्हियातील व्हीगन खाद्यफेरीविषयीच्या आपल्या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार.

स्पेनमधील सेव्हिया शहरातल्या आमच्या मराठी खाद्यफेरीबद्दल आपण सविस्तर लिहिलेत, त्याबद्दल आभार. व्हीगन (प्राणिजन्य काहीही नसलेली) म्हणून दिलेल्या वांग्यांवर मध होता, एका बारमध्ये इतर सर्वजण खात असलेली पालक-छोल्यांची भाजी आम्ही आपल्याला घेऊ दिली नाही, जेवणासाठी रात्री नऊपर्यंत ताटकळत ठेवले आणि एवढे पैसे घेऊनही एखाद्या खास व्हीगन उपाहारगृहात नेले नाही, अशा आपल्या तक्रारी आहेत. आपला अभिप्राय वाचून इतर मराठी व्हीगन प्रवासी आपले बेत ठरवतील, म्हणून प्रत्येक मुद्द्याचे उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

तळलेल्या वांग्याच्या कापांवर जो काळसर, दाट पाक होता, ती काकवी होती. दक्षिण स्पेनच्या आंदालुसिया प्रदेशात तिला उसाचा मध म्हणतात व मेनूवरही तसेच छापतात, त्यामुळे आपला समज तसा होणे स्वाभाविक आहे. मालागा प्रांतातील फ्रिहिलियाना गावच्या कारखान्यात ती आजही तयार होते आणि तिचा मधमाश्यांशी काही संबंध नाही. या पदार्थाबाबत आम्ही चौकशी करतो ती कापांची, कारण काही ठिकाणी तळण्याआधी ती दुधात भिजवतात, काही ठिकाणी पिठात अंडे घालतात, तर काही ठिकाणी मासे तळलेल्या तेलातच ती सोडतात. आपल्याला जिथे नेले तिथे कापे मिठाच्या पाण्यात ठेवून नुसत्या कोरड्या पिठात घोळवतात आणि भाज्यांसाठी तेल वेगळे असते.

पालक-छोल्यांचा प्रसंग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. ही भाजी सेव्हियाची अगदी घरची आहे. लसूण आणि पावाचे तुकडे ऑलिव्ह तेलात तळून, ते जिरे, तिखटाची पूड व थोड्या व्हिनेगरसोबत वाटून त्या वाटणात पालक आणि काबुली चणे शिजवतात. मूळ कृतीत प्राणिजन्य काहीच नाही. परंतु कृती कशीही असली तरी त्या दिवशीचे पातेले काय सांगते ते पाहावे लागते. आम्ही त्या बारमध्ये विचारले तेव्हा, चणे हॅमच्या (डुकराच्या खारवलेल्या मांसाच्या) हाडासोबत उकडले आहेत, असे स्वयंपाकघरातून उत्तर आले. तुकडा दिसत नव्हता, वास जिऱ्याचाच येत होता आणि आपण ती आनंदाने खाल्ली असती. आपल्याला नाही म्हणणे हेच तेव्हा आमचे काम होते, आणि पुढच्या ठिकाणी तीच भाजी आपल्याला निर्धास्तपणे वाढता आली, याचा उल्लेख आपल्या अभिप्रायात राहून गेला आहे.

मेनूवर ॲलर्जीची चिन्हे असतात, मग एवढे विचारायचे कशाला, असेही आपण लिहिले आहे. युरोपीय संघाच्या 2011 च्या नियमानुसार उपाहारगृहांना 14 घटकांची माहिती द्यावीच लागते आणि त्यांत दूध, अंडी, मासे, कोळंबीसारखे कवचधारी प्राणी व शिंपले येतात, त्यामुळे ती चिन्हे व्हीगन माणसाला खरोखर उपयोगी पडतात. मात्र डुकराचे मांस, त्याची चरबी, मांसाचे उकळलेले पाणी किंवा मध यांपैकी काहीही त्या यादीत नाही. ज्या शहरात भाज्यांना चव यावी म्हणून हॅम सहज घातले जाते आणि ‘मिश्र सॅलड’ मागवले तर वर ट्यूना व उकडलेले अंडे येते, तिथे केवळ चिन्हांवर विसंबून पाहुण्यांना खायला घालणे मला पटत नाही.

वेळेविषयी एवढेच सांगते की सेव्हियात दुपारचे जेवण दीड-दोनच्या सुमारास सुरू होते आणि रात्री बहुतेक स्वयंपाकघरे साडेआठ-नऊशिवाय चालू होत नाहीत. ही सूचना नोंदणीच्या पत्रात होती, शिवाय त्रियाना पुलाजवळ थांबलो असताना आपल्याला टोमॅटो व ऑलिव्ह तेल लावलेला पाव दिला होता.

सेव्हियात व्हीगन उपाहारगृहे आहेत आणि ती चांगलीही आहेत, परंतु तिथे आपण स्वतः, कोणाच्याही मदतीशिवाय जाऊ शकता. आमची फेरी इथली माणसे रोज जे खातात ते व्हीगन व्यक्तीला त्यांच्याच टेबलाशी बसून खाता यावे यासाठी आहे: टोमॅटोचे थंड सूप गास्पाचो, वरचे अंडे व हॅम काढायला सांगून घेतलेले टोमॅटो-पावाचे घट्ट साल्मोरेहो, बदाम आणि लसणाचे थंडगार आहोब्लान्को. बदामाच्या त्या सुपात द्राक्षे पाहून आपण आधी नाक मुरडले होते आणि नंतर दुसरी वाटी मागवली होती, हे मला चांगले आठवते. याच कारणाने अर्धी रक्कम परत करण्याची आपली मागणी मी नम्रपणे नाकारत आहे.

आपण इथून ग्रानादाला जाणार असल्याचे लिहिले आहे. तिथे पेयासोबत तापा, म्हणजे थोडेसे खाणे, फुकट मिळतो, पण बहुतेक बारमध्ये तो काय असावा हे बारवालाच ठरवतो आणि पुष्कळदा त्यात मांस किंवा चीज असते. म्हणून पेय मागवतानाच, ते टेबलावर येण्यापूर्वी, मांस, मासे, अंडी, दूध आणि चीज यांपैकी काहीही चालणार नाही, असे एकेक नाव घेऊन सांगावे. त्यासाठीचे स्पॅनिश वाक्य देवनागरीत लिहून आपल्या नोंदणीच्या क्रमांकावर आज पाठवले आहे.