लेझी स्ट्रीम म्हणजे जनरेटर नव्हे

नमस्कार,

लेझी स्ट्रीमवर, म्हणजे पुढचे घटक मागितले तरच काढणाऱ्या यादीवर, तुमचे तीन आक्षेप दिसतात. लेझी स्ट्रीम म्हणजे पायथनचा जनरेटरच, नाव तेवढं भारदस्त. ती मेमरी खाते. आणि स्काला या प्रोग्रॅमिंग भाषेनेही स्ट्रीम मोडीत काढली. मेमरीचं म्हणणं खरं आहे, पण त्याचं कारण पाहिलं की पहिला आक्षेप टिकत नाही.

जनरेटर म्हणजे मागेल तसं एकेक मूल्य देणारं साधन. त्यातून मूल्य एकदा काढलं की गेलं. तोच जनरेटर दोन फंक्शनांना दिला, तर एकाने घेतलेलं दुसऱ्याला मिळत नाही. स्ट्रीमच्या नोडमध्ये, म्हणजे यादीच्या एकेका दुव्यामध्ये, पुढच्या भागाचं न सोडवलेलं गणित, म्हणजे थंक, असतं. पहिल्यांदा कुणी मागितलं की ते सुटतं आणि उत्तर तिथेच साठवलं जातं. नंतर कुणीही, कितीही वेळा मागो, तेच उत्तर हाती येतं. म्हणूनच मी तिला डेटा स्ट्रक्चर म्हणतो.

फिबोनाचीची स्ट्रीम अशी लिहितात: आधी ०, मग १, आणि पुढे हीच स्ट्रीम अधिक हिचीच शेपटी (पहिला घटक, म्हणजे डोकं, वगळून उरलेला भाग), जागेला जागा जुळवून. साठवण असेल तर दर नव्या आकड्याला एकच बेरीज पडते. साठवण काढली तरी आकडे तेच येतील, पण बेरजा घातांकी वेगाने वाढतील. पहिले सात-आठ आकडे कागदावर काढून पाहाच. हीच व्याख्या जनरेटरने जशीच्या तशी लिहिली तरी तेच होतं, कारण प्रत्येक वेळी नवा जनरेटर शून्यापासून सुरू होतो.

मेमरी जाते ती याच साठवणीत. स्कालात ऑब्जेक्टमधल्या ‘व्हॅल’मध्ये, म्हणजे मूल्य कायम धरून ठेवणाऱ्या नावात, नैसर्गिक संख्यांची लेझीलिस्ट (स्कालाची आताची लेझी स्ट्रीम) ठेवून एक कोटी नोड ओलांडलेत, तर ते सगळे जिवंत राहतात, कारण पहिला नोड त्या नावाने धरून ठेवलेला असतो. दर वेळी नवी लिस्ट बनवणारा ‘डेफ’ वापरा, म्हणजे मागचे नोड गार्बेज कलेक्टरला, म्हणजे नको असलेली मेमरी मोकळी करणाऱ्या यंत्रणेला, उचलता येतात.

स्कालाबद्दल मात्र तुमचा निष्कर्ष उलटा आहे. २०१९च्या २.१३ आवृत्तीत स्ट्रीम बाजूला सारून लेझीलिस्ट आणली, ती अधिक लेझी म्हणून. जुन्या स्ट्रीममध्ये शेपटी लेझी होती, पण डोकं लगेच काढलं जाई. त्यामुळे फिल्टर लावताक्षणी पहिला जुळणारा घटक शोधायला धाव घेतली जायची, आणि अनंत स्ट्रीममध्ये तो नसेलच तर प्रोग्रॅम तिथेच अडकायचा. लेझीलिस्टमध्ये डोकंही मागितल्याशिवाय निघत नाही.

लॉग फाइल एकदाच वरून खाली वाचायची असेल तर जनरेटरच वापरा, मीही तोच वापरतो. पण पार्सरला (मजकुराची रचना ओळखणाऱ्या प्रोग्रॅमला) एक वाट चुकली म्हणून मागे फिरून दुसरी धरायची असेल, तर स्ट्रीमचा जुना नोड हाताशी असला की पुरतं. इनपुट पुन्हा वाचावं लागत नाही.